मराठी मजकुराचा कचरा होतो तेव्हा: आधी कचरा नीट बघा

फाइल उघडली आणि मराठी गायब. जिथे नावं होती तिथे डोक्यावर तिरकी काडी घेतलेले रोमन ‘ए’ रांगेत उभे, मध्येमध्ये चारी कोपऱ्यांना शेपट्या फुटलेलं ते ¤ चिन्ह. हे माझ्याकडे इतक्या वेळा झालंय की आता घाबरायला होत नाही, फक्त कंटाळा येतो. तरी दर वेळी पहिली उर्मी तीच असते: काहीतरी दाबून बघू, फॉन्ट बदलून बघू, सेव्ह करून पुन्हा उघडून बघू.

यातलं शेवटचं करू नका. बाकी सगळं नंतर बोलू, पण बिघडलेला मजकूर दिसत असताना ‘सेव्ह’ दाबू नका. विचारलं तर ‘नाही’ म्हणा, फाइल बंद करा, तिची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि मग जे करायचं ते त्या प्रतीवर करा. बहुतेक वेळा आतला मजकूर धडधाकट असतो, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलेला असतो. सेव्ह केलं की चष्म्यातून दिसलेलं तेच कागदावर उतरतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळा इलाज इथेच आहे: कचरा कसा दिसतोय ते बघा. चौकोन, प्रश्नचिन्हं, काडीवाले ‘ए’, साधी रोमन अक्षरं ही चार वेगळी दुखणी आहेत. चारही वेळा ‘फॉन्ट टाकून बघ’ हाच सल्ला मिळतो, आणि तो त्यातल्या एकालाच पुरा पडतो.

चौकोन दिसत असतील

हे ते एक. मजकूर शाबूत आहे, यंत्रावर देवनागरी अक्षरांचा फॉन्ट नाही. या रिकाम्या चौकोनांना गंमतीने ‘टोफू’ म्हणतात, आणि गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टमालिकेचं नाव ‘नो टोफू’वरूनच आलंय. नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका, विषय संपला.

प्रश्नचिन्हं दिसत असतील

साधी, रांगेने, जितकी चिन्हं तितकी. इथे वाईट बातमी आहे. मराठी न समजणाऱ्या जुन्या साच्यात (साचा म्हणजे एन्कोडिंग, अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) कुणीतरी मजकूर सेव्ह केला, साच्यात जागा नव्हती म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. ‘म’चं प्रश्नचिन्ह आणि ‘ळ’चं प्रश्नचिन्ह एकच. त्यातून मूळ अक्षर काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही, असल्याचा दावा करणाऱ्यांपासून लांब राहा. ज्याने फाइल पाठवली त्याच्याकडे मूळ प्रत मागा.

तिरक्या बसवलेल्या काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह मात्र वेगळं. ते ‘इथे काहीतरी होतं, मला वाचता आलं नाही’ असं सांगतं. एखाद्या नावाच्या अगदी शेवटी हे एकटंच दिसलं तर बहुधा नाव मध्येच कापलं गेलंय. यूटीएफ-८ या आजच्या रूढ साच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. रकान्याची मर्यादा ५० बाइटची असेल तर १६ चिन्हं पूर्ण बसतात आणि सतराव्याचे दोन बाइट दारात अडकतात. चिन्हं म्हणजे अक्षरं नव्हेत, हेही ध्यानात घ्या. ‘क्षत्रिय’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द वाटतो, संगणकासाठी ती आठ चिन्हं आहेत: क, मोडका पाय, ष, त, मोडका पाय, र, वेलांटी, य. चोवीस बाइट. इलाज एकच, मर्यादा वाढवा.

काडीवाले ‘ए’ दिसत असतील

आता मूळ दुखण्याकडे. या प्रकाराला जगभर ‘मोजिबाके’ हा जपानी शब्द वापरतात. नाव जपानी असलं तरी मराठी मोजिबाकेची स्वतःची ओळख आहे. यूटीएफ-८ची रचना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. तिच्यात पहिला बाइटच सांगतो की मागून किती येणार आहेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ‘ई०’ असतो, दुसरा ‘ए४’ किंवा ‘ए५’ (बाइटचे हे आकडे सोळाच्या पायावरच्या, म्हणजे हेक्स पद्धतीतले). तिसरा तेवढा बदलतो. हेच बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य साच्यातून वाचले, म्हणजे १२५२ क्रमांकाच्या कोड पेजमधून, तर ‘ई०’चा होतो काडीवाला ‘ए’ आणि ‘ए४’चं होतं ते शेपट्यांचं गोल. म्हणून दर तीन खुणांनी तीच जोडी परत येते. ही लय दिसली की निदान झालं: मजकूर यूटीएफ-८मध्ये आहे आणि वाचणारा १२५२ समजून वाचतोय.

प्रोग्रामला खरं तर कळत का नाही? कारण साध्या मजकुराच्या फाइलवर ‘मी अमुक साच्यात आहे’ अशी पाटी नसते. प्रोग्राम अंदाज बांधतो. अंदाज किती हास्यास्पद चुकू शकतो याचं जुनं उदाहरण विंडोज एक्सपीच्या नोटपॅडचं. चार, तीन, तीन आणि पाच अक्षरांचे चार शब्द असलेलं एक साधं इंग्रजी वाक्य (‘बुश हिड द फॅक्ट्स’) लिहून सेव्ह करायचं, बंद करून उघडायचं, की समोर चिनी चित्राक्षरं. लोकांनी त्यात कटकारस्थान शोधलं. नोटपॅडने दोन-दोन बाइट जोडून वाचायचं ठरवलं होतं, एवढंच. हाच नोटपॅड २०१९पासून नवी फाइल आपणहून यूटीएफ-८मध्ये सेव्ह करतो, त्यामुळे नव्या फाइलींची कटकट बरीच कमी झाली.

उरलेली कटकट सीएसव्ही फाइलींची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर-फाइलींची. मी माझ्या पुस्तकांची यादी एका सीएसव्हीत ठेवतो. फोनवर भरतो, लॅपटॉपवर बघतो. अशी फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की सहसा जुना साचा गृहीत धरला जातो. तेव्हा डबल क्लिक करायचं नाही. आधी कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, आणि ‘फाइल ओरिजिन’च्या यादीत ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ शोधा. निवडल्याबरोबर खालच्या नमुन्यात मराठी उभी राहते. सेव्ह करताना नुसतं ‘सीएसव्ही’ न घेता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घ्या. त्यात फाइलच्या अगदी आरंभी ‘ईएफ बीबी बीएफ’ हे तीन अदृश्य बाइट लिहिले जातात, ‘बॉम’ म्हणतात त्यांना. ती पाटीच. पुढच्या वेळी डबल क्लिकसुद्धा चालतो.

बॉमचा एक उपद्रव मात्र आहे. काही प्रोग्राम त्याला पाटी न समजता मजकूर समजतात आणि पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटवतात. मग ‘क्रमांक’ नावाचा रकाना डोळ्यांसमोर असूनही ‘असा रकाना नाही’ अशी तक्रार येते. अशा भांडणात मी अर्धी दुपार घालवलेली आहे. पहिलाच रकाना सापडत नसेल आणि बाकीचे सापडत असतील तर बॉमवर संशय घ्या.

नोटपॅड++ या एडिटरमध्ये एन्कोडिंगच्या मेनूत दोन प्रकारच्या आज्ञा शेजारी-शेजारी असतात. नुसतं ‘यूटीएफ-८’ दाबलं की चष्मा बदलतो, फाइलला धक्का लागत नाही. ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ दाबलं की आत्ता जे दिसतंय ते नव्या साच्यात लिहून काढलं जातं. कचरा दिसत असताना ‘कन्व्हर्ट’ दाबलंत तर कचऱ्यालाच यूटीएफ-८चा दर्जा मिळतो. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये हाच फरक ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ असा स्पष्ट लिहिलाय. खालच्या पट्टीत उजवीकडे साच्याचं नाव असतं, त्यावर क्लिक केलं की दोन्ही दिसतात.

आणि कुणीतरी आधीच ‘सेव्ह’ दाबून बसलं असेल तर? तरी आशा आहे. उलट वाटेने यायचं. नोटपॅड++मध्ये प्रत उघडा, ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ करा, मग नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा. (एएनएसआय म्हणजे तुमच्या विंडोजचा जुना ठरलेला साचा. तो १२५२ असायला हवा, सहसा असतो.) पायथॉन येत असेल तर ‘एफटीएफवाय’ नावाची लायब्ररी हेच काम जास्त हुशारीने करते, दोनदा-तीनदा गुंडाळला गेलेला कचराही उलगडते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला कुठल्या मदतपानावर सापडली नाही, हेक्स एडिटर उघडून बाइट मोजत बसल्यावर कळली. दुरुस्ती करूनही काही शब्द अर्धवट राहतात, आणि ते नेहमी ठरावीक अक्षरांचेच असतात. कारण १२५२च्या साच्यात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता आपला मोडका पाय कुठे बसतो? ‘ई० ए५ ८डी’. थेट रिकाम्या घरात. ऱ्हस्व उकार ‘ई० ए५ ८१’, तोही तिथेच. ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’ आणि चंद्रबिंदू यांचीही तीच गत. काही प्रोग्राम रिकाम्या घरातला बाइट अदृश्य खूण म्हणून जपून ठेवतात, काही गाळून टाकतात. गाळला असेल तर जोडाक्षरं फुटतात आणि उकार उडतात.

‘ठ’ची कथा याहून मजेशीर. त्याचा तिसरा बाइट ‘ए०’, म्हणजे १२५२मध्ये न तुटणारी मोकळी जागा. ‘मराठी’ या शब्दाचे पंधरा बाइट होतात, त्यातला बारावा हा. कुठल्याशा प्रोग्रामने ‘जास्तीच्या मोकळ्या जागा साफ करू’ म्हणून तिथे साधी स्पेस टाकली की ‘मराठी’तला नेमका ‘ठ’ जातो. ‘भ’चा तिसरा बाइट तर लपलेलं संयोगचिन्ह असतो, जे दिसतही नाही आणि कॉपी-पेस्टमध्ये सांडतं. म्हणून बिघडलेला मजकूर दुरुस्त करायचा असेल तर पडद्यावरून कॉपी करून पाठवू नका. फाइल जशीच्या तशी पाठवा.

साधी रोमन अक्षरं दिसत असतील

काडी-शेपटीची ती लय नाही, बहुतेक इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं अर्थहीन क्रमाने. हा बिघाड नाही, हे जुनं वेषांतर आहे. युनिकोड (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारं मानक) रुळण्याआधी छपाईच्या दुनियेत श्री-लिपी, कृती देव, शिवाजी असे फॉन्ट चालत, आणि जुन्या फाइलींमध्ये ते अजून जिवंत आहेत. त्यात फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्या अंगावर देवनागरी अंगरखा चढवतो. फॉन्ट नसला की अंगरखा उतरतो. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये १२८ घरांचा स्वतंत्र पट्टा १९९१पासून आहे, त्याच वर्षी भारतीय मानक ‘इस्की’ही आलं, पण पानं लावणाऱ्यांचं काम या अंगरख्यांवर भागत होतं.

इलाज म्हणजे त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर. ‘त्या-त्या’वर जोर आहे: प्रत्येक फॉन्टने अक्षरं आपल्या मर्जीने मांडली होती, एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावलात तर निम्मंअर्धं मराठी आणि बाकी विनोद हाती येतो. वर्डमध्ये फाइल उघडा, मजकुरावर कर्सर ठेवा, फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. फॉन्ट यंत्रावर नसला तरी नाव तिथे राहतं. ते नाव घेऊनच कन्व्हर्टर शोधा.

पीडीएफमधून कॉपी केल्यावर ‘किती’चं ‘िकती’ होतं ते याच घराण्यातलं दुखणं. पीडीएफमध्ये बरेचदा डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने आकार ठेवलेले असतात. पहिली वेलांटी दिसते आधी, उच्चारली जाते नंतर, म्हणून ती अशी अनाथ होऊन पुढे उभी राहते. त्या मजकुराशी झटापट करण्यात अर्थ नाही. पानाचं चित्र समजून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं प्रोग्रामकडून ओळखून घ्या. त्यासाठी टेसेरॅक्ट हा प्रोग्राम फुकट आहे, त्याची मराठीची भाषाफाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते. छापील पानावर निकाल चांगला येतो, जोडाक्षरं तेवढी तपासून घ्या.

सगळं ठीक दिसतंय, पण शोधल्यावर सापडत नाही

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यात कचराच दिसत नाही. आणि यानेच मला खर्चात पाडलं.

पुस्तक घेण्याआधी यादीत शोधायचं, असा माझा नियम आहे. लेखकाच्या नावाआधी ‘डॉ.’ होतं, तसंच टाइप करून शोधलं, सापडलं नाही, पुस्तक घेतलं. घरी आल्यावर कपाटात तेच पुस्तक. यादीतही होतंच. फोनच्या कीबोर्डवरून भरताना मी ‘डॉ’ लिहिलं होतं आणि लॅपटॉपवरून शोधताना ‘डाॅ’. या दोन्हींकडे नीट बघा. तुमच्या फॉन्टमध्ये कदाचित फरक दिसणारही नाही. पहिल्यात ‘ड’ आणि एकसंध ‘ॉ’ आहे. दुसऱ्यात ‘ड’, मग काना, मग वर सुटा अर्धचंद्र. माणसाला एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे ‘नॉर्मलायझेशन’ नावाची जी ठरलेली धुलाई आहे तिनेही ते एक होत नाहीत. ‘काॅलेज’, ‘आॅफिस’ ही त्याच जातीची. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात तर हमखास.

‘ॲप’ची आणखी मजा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून ‘अ‍ॅ’ लिहीत, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून, कधी न घालता. हिंदी वळणाचं ‘ऍ’ वेगळंच. म्हणजे एका दोन अक्षरी शब्दाची चार रूपं. ‘दुःख’मधला विसर्ग आणि ‘दु:ख’मधलं अपूर्णविराम हाही तोच घोळ.

आणि आपला खास मराठी ‘ऱ्य’. तो लिहायच्या दोन रीती आहेत: ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा ‘र’चा पाय मोडून मागे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दोन्ही अधिकृत, दोन्ही दिसायला सारख्या, आणि त्यांनाही नॉर्मलायझेशन जवळ आणत नाही.

मी यादी साफ करायला बसलो तेव्हा इथेच तोंडावर पडलो. अदृश्य चिन्हं त्रास देतात ना, मग आधी तीच पुसू, असं म्हणून सगळी जोडचिन्हं एका झटक्यात काढली. ‘दर्‍या’ या शब्दातलं जोडचिन्ह गेलं की काय उरतं? ‘दर्या’. माझ्या गिर्यारोहणाच्या पुस्तकांतल्या सगळ्या दऱ्यांचा समुद्र झाला. प्रत ठेवली होती म्हणून वाचलो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ‘र, मोडका पाय, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, मोडका पाय’. मग काना-अर्धचंद्राच्या जोडीचा ‘ॉ’, ‘आ’वरच्या अर्धचंद्राचा ‘ऑ’, आणि ‘ॲ’ची सगळी रूपं एका ‘ॲ’वर. उरलेली जोडचिन्हं सर्वांत शेवटी. शोधा-आणि-बदला इतकंच काम आहे, साध्या एडिटरमध्ये होतं. अडचण अदृश्य चिन्ह टाइप करण्याची. ते करू नका, मजकुरातूनच निवडून शोधाच्या चौकटीत पेस्ट करा. नेमकं काय हातात आलंय याची शंका असेल तर ‘बेबलमॅप’ या प्रोग्राममध्ये टाका, तो एकेका चिन्हाचं नाव दाखवतो. व्हीएस कोडही आता अदृश्य चिन्हांभोवती चौकट काढतो.

ही अदृश्य चिन्हं किती हलक्यात घ्यायची याबद्दल एक आठवण. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतला ‘ज्ञा’, मध्ये अशीच एक अदृश्य खूण घेऊन, एखाद्या संदेशात आला की आयफोन कोलमडत होते. आयओएस ११.२.६ने ते थांबवलं. आपल्याकडे फार तर पुस्तक दोनदा येतं.

यादी साफ झाल्यावर नावं वर्णक्रमाने लावली, तर एकेक पुस्तक दोनदा असल्याच्या तीन जोड्या निघाल्या. एक ‘डॉ’ची, एक ‘ॲ’ची. तिसऱ्या जोडीतल्या दोन्ही नोंदी हेक्समध्ये उघडून बाइटला बाइट लावून पाहिल्या. कुठेही फरक नव्हता. ते पुस्तक मी नुसताच विसरलो होतो.